मिनिटबाईंची एक हजार ऐंशी मिनिटं

माझी मावशी गेली एकतीस वर्षं लोकांना किती वाजले ते सांगते. हेच तिचं काम. रेडिओ स्टेशनच्या हजेरीपत्रकावर ‘उद्घोषिका’ असं लिहिलंय, पण तिथे सगळे तिला मिनिटबाई म्हणतात. शिपायापासून साहेबापर्यंत, आणि तेही तोंडावर. ती ओ देते.

स्टेशन आहे टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना रबराचा वास येतो, आणि वरच्या दोन जाड दारांतलं पहिलं दार लागलं की तो जातो. दुसरं लागलं की स्वतःच्या कानात शूं असा आवाज ऐकू येतो. भिंतींना सतरंजीसारखं काहीतरी लावलंय. टेबलावर लोकरी कापड आहे, कारण उघड्या लाकडावर पेला ठेवला तर तो अख्ख्या शहराला ऐकू जातो. कागद वाचून झाला की उलटायचा नाही, अलगद बाजूला सरकवायचा. मावशी घरी वर्तमानपत्रसुद्धा तसंच वाचते. चार पानं चार दिशांना पडलेली असतात आणि आई ती गोळा करत फिरते.

यातलं जे मी पाहिलेलं नाही ते मावशीने तरी करून दाखवलंय, नाहीतर तिथल्या इंजिनियरने. इंजिनियर आमच्या गल्लीतच राहतात, मावशीच्या आधीपासून नोकरीत आहेत, आणि त्यांच्या खिशात कायम वायरचं भेंडोळं असतं, म्हणून ते वायरकाका. मावशी नक्कल नीट करते. वायरकाका सगळ्यांना एकाच आवाजात करतात. त्यांच्या साहेबांत आणि शिपायात फरक फक्त हातवाऱ्यांचा.

मावशी तेविसाव्या वर्षी तिथे लागली ती टेलिफोन ऑपरेटर म्हणून. पहिले साहेब कॉलेजात शिकवून आलेले होते. ते चहा मागायचे तोही पूर्ण वाक्यात: “मला असं वाटतं, की आता आपण चहा घ्यावा.” एकदा बाहेरून त्यांनीच स्टेशनला फोन केला. मावशी म्हणाली, “थांबा, जोडते.” ती जोडायला लागली तेव्हा साहेब म्हणाले, “जोडू नका. आपण कोण बोलताय?”

“ऑपरेटर, सर.”

“आपण ‘थांबा’ म्हटल्यावर मी खरोखर थांबलो. हे फार थोड्यांना जमतं.”

आठवड्याभरात मावशी माइकसमोर होती.

तेव्हा स्टेशनवर सगळंच पूर्ण वाक्यात चालायचं. पाणी किती वाजता येणार, बाजारात कांदा काय भावाने आहे, दातांची निगा कशी राखावी यावर डॉक्टरांचं पंधरा मिनिटांचं भाषण. मधे मधे मावशी: “आता सकाळचे सात वाजून दहा मिनिटे झाली आहेत.” हे वाक्य साडेचार सेकंदांचं. साहेबांचा नियम असा, की वाक्य संपेल तेव्हा दहा मिनिटं झालेली असली पाहिजेत. आधी संपलं तर ते खोटं, नंतर संपलं तर शिळं. म्हणून मावशी साडेचार सेकंद आधी सुरुवात करायची आणि काचेपलीकडून वायरकाका बोट वर करून मोजायचे. अकरा वर्षं हेच चाललं.

मग आले आरसेवाले साहेब. यांना फर्माइशी हव्या होत्या. दिवसभर गाणी, आणि दोन गाण्यांच्या मधे कोण कोणासाठी ऐकतंय त्याच्या याद्या. बोलणाऱ्याने हसत बोलायचं, कारण हसू ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी माइकच्या वर आरसा लावला. “मिनिटबाई, दात दिसू देत, दात. हां, आता बोला.” मावशी दात दाखवून म्हणायची, “आणि मंडळी, सात दहा झाले बरं का.” पहिल्या महिन्यात एका आजींचं पत्र आलं, की त्या बाईंना दाढदुखी आहे का, आमच्याकडे लवंगेचं तेल आहे. मावशीने पत्र साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, “बघा, श्रोते जोडले जातायत.” आरसा आठ वर्षं राहिला.

तिसरे साहेब घाईतले. यांनी गाणी काढली आणि फोन आणले. सकाळपासून शहरातली माणसं फोन करून भांडायची. रस्ता का खणला, शाळा का लवकर भरते, कुत्री कोणाची. मधे श्वास घ्यायला जागा नाही. “मिनिटबाई. वेळ. दोन शब्द.”

“सकाळचे म्हणायचं ना, सर?”

“ऐकणाऱ्याला दिसतं. सकाळ आहे.”

मग मावशी फक्त “सात दहा” म्हणायला लागली. तेही कोणाच्या तरी आरडाओरड्यात. याच साहेबांनी सगळ्यांच्या कायम नोकऱ्या काढून एकेका वर्षाचे करार केले. सांगितलंही तसंच, दोन शब्दांत: “करार. सही.”

चौथ्या साहेबांनी कुठूनसा अहवाल आणला, की लोकांना माणसाच्या आवाजाचा त्रास होतो. ते स्वतः कुजबुजत बोलायचे. त्यांनी बोलणंच बंद केलं. बावीस महिने स्टेशनवर दवाखान्यातल्या बाकावर बसल्यावर ऐकू येतं तसलं वाद्यसंगीत आणि जाहिराती, बाकी काही नाही. मावशीला परत टेलिफोनवर बसवलं. लोकांना वेळ कळेना, म्हणून ते फोन करायला लागले आणि फोन उचलायला मावशीच. रोजचे साठ-सत्तर जण. ती प्रत्येकाला घड्याळ बघून नव्याने सांगायची. साहेब जाता जाता कुजबुजायचे, “हळू, मिनिटबाई, हळू. बाहेर ऐकू जातं.” रेडिओ स्टेशनमधल्या माणसाने हे म्हणावं, यावर वायरकाका अजून हसतात. त्यांच्या आवाजात ते साहेब शिपायासारखे वाटतात, पण असो.

तीन वर्षांपूर्वी मॅडम आल्या. वय बत्तीस. शब्द मोजके नाहीत, पण एकच शब्द पुन्हा पुन्हा. “बेसिकली, लोकांना ते जुनंवालं फीलिंग पाहिजे. बेसिकली, आपण तेच देणार.” स्टेशनवर आता फक्त जुनी गाणी. ज्यांनी ती गाणी पहिल्यांदा लावली त्यांतल्या दोनच जणांना अजून पगार होता, मावशीला आणि वायरकाकांना. मॅडमनी मावशीला माइकवर परत आणलं आणि सांगितलं, “सकाळचे, दुपारचे, सगळं म्हणा, मावशी. ते ‘झाली आहेत’ मात्र नको, लांबतं.” मॅडम तिला मिनिटबाई म्हणत नाहीत. मावशी म्हणतात. माझी मावशी या गोष्टीवर खूश नाही. “मी हिची कुठली मावशी,” ती म्हणते. “मला एक भाची आहे, तीच पुष्कळ झाली.”

या वर्षी कंप्युटर आला. गाणी तोच लावणार, जाहिराती तोच लावणार, गाणं संपलं की घड्याळ बघून वेळही तोच सांगणार. आवाज मात्र मावशीचा हवा. मॅडमनी समजावलं, “बेसिकली, तुम्ही एकदाच बोलायचं. तो जोडून घेतो.” मावशीचा करार महिनाअखेरीस संपत होता. पुढचा होणार नव्हता, हे मॅडमनी तिथेच, चांगल्या शब्दांत सांगितलं. वायरकाकांना मशीन सांभाळायला ठेवणार होते.

मावशीने कागदावरची यादी वाचली. पहाटेचे, सकाळचे, दुपारचे, संध्याकाळचे, रात्रीचे. मग एक ते बारा. मग एक ते एकोणसाठ. चाळीस मिनिटांत काम संपलं. ती घरी आली आणि वर स्वतःच्या खोलीत न जाता आमच्याकडेच जेवली.

सोमवारपासून कंप्युटर सुरू झाला. बाबा दाढी करत होते. रेडिओवर गाणं संपलं आणि मावशीचा आवाज आला: “सकाळचे आठ सतरा.” बाबा रेझर हवेत धरून उभे राहिले. पाचेक सेकंदांनी म्हणाले, “बरं, पुढे?”

पुढे गाणं लागलं.

“सकाळचे आठ बावीस.”

“पुढे?” बाबा म्हणाले. “अहो, बोला की.”

मावशी स्वयंपाकघरात चहा पीत होती. एकाच माणसाचा आवाज एकाच वेळी दोन ठिकाणी असतो, तेव्हा कुठे बघायचं ते कळत नाही. बाबांनी रेडिओकडे बघितलं.

शहरात सगळीकडे तेच. स्टेशनवर फोन सुरू झाले, आणि महिनाअखेरीपर्यंत टेलिफोनवर मावशीच असल्यामुळे ते तिनेच घेतले. एक शिंपी म्हणाला, “त्या बाई बोलता बोलता उठून जातात का हो? माझी कात्री थांबून राहते.” एका बाईंनी विचारलं, स्टेशनवर कोणी दार वाजवतंय का. एक आजोबा रोज दुपारी फोन करायचे आणि आवाज खाली आणून म्हणायचे, “त्यांच्या घरी काही झालंय का? नाही, म्हणजे त्यांना काहीतरी सांगायचंय. बाईमाणूस आहे, सांगवत नसेल.” दुपारी बारा ते एक तर फारच वाईट. “दुपारचे बारा” असं ठाम, आता विषय संपला असं, आणि मग एकदम कुठूनतरी “तेवीस”. जसं काही कोणी खिडकीतून डोकावून तेवीस म्हणून पळून गेलंय.

मॅडम म्हणाल्या, “बेसिकली, कट चुकलेत.” वायरकाका तीन दिवस एकेक तुकडा उघडून बघत बसले. शब्दाची शेपटी कापली गेली असेल, म्हणून त्यांनी प्रत्येक आकड्यामागे अर्धा सेकंद शांतता चिकटवली. त्यामुळे लोक आणखी अर्धा सेकंद वाट बघायला लागले.

गुरुवारी आम्ही जेवत होतो. मी वेळ सांगत होते, रेडिओवरच्या मावशीच्या आवाजात. भाजी वाढताना आईला “संध्याकाळचे सात चौतीस”, आई थबकली. बाबांना “संध्याकाळचे सात पस्तीस”, बाबा म्हणाले, “पुढे?” मग ओघात छत्तीस, सदतीस, अडतीस.

मावशीचा घास हातात राहिला. “परत म्हण. सलग म्हण.”

मी सलग म्हटलं. ती ऐकत राहिली आणि मग स्वतः सुरू झाली, एकपासून. एक, दोन, तीन. प्रत्येक आकडा जरासा वर जाऊन थांबायचा, पुढच्याला हात द्यायला. पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. आणि एकोणसाठ मात्र खाली आला आणि टेकला.

“यादी वाचली मी,” मावशी म्हणाली. “वेळ सांगितलीच नाही. भाजीवाल्याकडची यादी वाचतात तशी वाचली. बटाटे, टोमॅटो, मिरच्या… शेवटची कोथिंबीर येईपर्यंत माणूस थांबतोच.”

बाबा म्हणाले, “म्हणजे दिवसातून फक्त एकोणसाठाव्या मिनिटाला तू पुरं बोलतेस.”

“तासातून एकदा,” मावशी म्हणाली. “आणि बारा. एक ते बारामधला बाराही खाली आला असणार.” तिने ताटातलं जेवण संपवलं. एकतीस वर्षांत तिच्या आवाजात चूक निघाली ती ही, आणि ती दर गाण्यानंतर शहराला ऐकू जात होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये मावशी, मॅडम आणि वायरकाका. हा भाग मी दोघांकडून वेगवेगळा ऐकलाय आणि दोन्हीकडे सारखाच आहे, म्हणजे खरा असणार.

मॅडम म्हणाल्या, “बेसिकली, मग आकडे परत वाचा ना. खाली आणून वाचा. अर्ध्या तासाचं काम.”

“सुटा आकडा खाली आणला तर रागावल्यासारखा वाटतो,” मावशी म्हणाली, आणि करून दाखवलं: “सतरा.” मॅडम खुर्चीत मागे सरकल्या. “वेळ तुकड्यांत सांगता येत नाही, मॅडम. सकाळचे आठ सतरा, हे एका दमातच यायला पाहिजे. असं एकेक अख्खं वाचावं लागेल.”

“एकेक म्हणजे किती?”

वायरकाकांनी कागद घेतला. पहाटे पाच ते रात्री अकरा, अठरा तास. एका तासाची साठ. एक हजार ऐंशी.

बाहेर टेलिफोन वाजत होता आणि उचलायला कोणी नव्हतं. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “असं चालू ठेवता येणार नाही. हे होईपर्यंत मावशींचा करार वाढवते. किती दिवस लागतील?”

मावशी काही बोलायच्या आधी वायरकाकांनी छताकडे बघितलं आणि म्हणाले, “सहा महिने.” पुढे आणखी म्हणाले, “कमीत कमी. घसा आहे. घशाला विश्रांती लागते.”

मॅडमनी लिहायला पेन उचललं.

“सहा दिवस,” मावशी म्हणाली.

वायरकाका सांगतात, त्यांनी टेबलाखालून तिच्या चपलेवर बूट दाबला. मावशी सांगते, बूट चपलेवर नव्हता, अंगठ्यावर होता. तरी ती म्हणाली, “रोजची एकशे ऐंशी. सहा दिवस.”

घरी आई तव्यासमोरून हलली नाही, पण बोलली भरपूर. “तुझं तोंड एवढंसं बंद ठेवायला काय झालं होतं? तो माणूस तुझ्यासाठी खोटं बोलला. आयुष्यात कधी खोटं न बोलणारा माणूस. आणि तू त्याला तिथल्या तिथे उघडं पाडलंस.”

“अगं, ऐक तरी.”

“काय ऐकू? रोज सहा-सात वाचायची. सहा महिने. तोवर आणखी काही निघालं असतं. तुमच्याकडे साहेब काय, दर थोड्या दिवसांनी बदलतात.”

“सहा महिन्यांत आवाज बदलतो,” मावशी म्हणाली. “मार्चमधला आठ दहा आणि सप्टेंबरातला आठ अकरा शेजारी शेजारी लागले, की ऐकणाऱ्याला दोन बायका वाटतील. आत्ता त्यांना वाटतं बाई उठून जाते. मग वाटेल दुसरी येऊन बसली.”

“वाटू दे.”

“कसं वाटू दे?”

“तुला काय फरक पडतो? तू तिथे नसणारच आहेस.”

“म्हणूनच तर,” मावशी म्हणाली.

आईने पोळी उलटली आणि बाबांना म्हणाली, “तुम्ही काहीतरी बोला.” बाबा म्हणाले, “मी ‘पुढे’ एवढंच म्हणू शकतो, आणि त्याचा हिला राग येतो.” त्या घरात एक जण तरी हसला. मी.

सोमवार ते शनिवार, सहा दिवस. मावशीने एकच नियम केला, की सकाळच्या वेळा सकाळी वाचायच्या आणि संध्याकाळच्या संध्याकाळी. पहाटेच्यासाठी ती पहिल्या बसने गेली. कोमट पाण्याची बाटली, तोंडात काही नाही, चहा बंद. वाचायला कागद घेतला नाही. समोर भिंतीवरचं घड्याळ होतं ते वायरकाकांकडून काढून घेतलं, त्याचे काटे स्वतः फिरवले, आणि काटे जिथे असतील ती वेळ सांगितली. आठ सतरा म्हणायचं तर आठ सतरा समोर दिसले पाहिजेत. एक झालं की काटा पुढे. वायरकाकांना काचेपलीकडे बोट वर करायचं काही काम नव्हतं. तरी ते करत होते.

मी तिसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले होते. मावशी दुपारच्या दोनमध्ये होती. “दुपारचे दोन एकेचाळीस.” खाली आला, टेकला. काटा सरकवला. “दुपारचे दोन बेचाळीस.” मधेच थांबायची, मान हलवायची, तेच परत सांगायची. मला दोन्हींत फरक कळला नाही, आणि मला सहसा कळतो. मी नंतर विचारलं, तर म्हणाली, “पहिल्याच्या वेळी मला भूक लागली होती.”

शनिवारी संध्याकाळपर्यंत एक हजार बासष्ट झाली. वायरकाका आत आले आणि म्हणाले, “झालं, मिनिटबाई. सगळं संपलं.”

“अठरा राहिलीत.”

“ती एकोणसाठची आहेत, प्रत्येक तासाची. ती आधीचीच चांगली आहेत. लोकांची एकही तक्रार नाही. मी तीच ठेवतो.”

“ती मी चुकून बरोबर म्हटली होती,” मावशी म्हणाली. “तसली नकोत.”

वायरकाका काचेमागे जाऊन बसले. तिने अठरा वाचली. त्या दिवसाचा एवढाच भाग असा आहे, जो वायरकाका करून दाखवत नाहीत, नुसता सांगतात.

पुढच्या सोमवारी नवीन वेळा लागल्या. फोन दुपारपर्यंत बंद झाले. रोजच्या आजोबांचा तेवढा एकदा फोन आला. “आता बऱ्या आहेत वाटतं त्या,” ते म्हणाले. मावशी म्हणाली, “हो, बऱ्या आहेत.” मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावून, बेसिकली, आभार मानले. करार संपायला चार दिवस होते. ते तिने टेलिफोनवर काढले आणि शेवटच्या दिवशी हेडफोन पुसून खुंटीला लावला. टायरवाल्याने जिन्याखाली विचारलं, “उद्या सुट्टी का?” ती हो म्हणाली.

एक तारखेला ती आमच्याकडे खाली आली ती साडेनऊला. इतक्या उशिरा उठलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आईने चहा टाकला. रेडिओ चालूच होता, गाणं संपत आलं होतं, आणि आईला ते एकदम लक्षात आलं. ती गडबडीने बंद करायला उठली.

“असू दे,” मावशी म्हणाली.

“सकाळचे नऊ सदतीस.”

आई मावशीच्या तोंडाकडे बघत होती. मावशीने चहात साखर घातली आणि ढवळली.

“जमतं हिला,” ती म्हणाली. “आता बंद कर.”